एका मास्तरांना दोन सूट

मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे कपडे कापले. शिवले कमी, कापले जास्त. बस कंपनीच्या गणवेश विभागात ते कटिंग मास्तर होते. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट तपासनीस, वर्कशॉपमधली माणसं, सगळ्यांचे निळे कपडे त्यांच्या टेबलावरून जायचे. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेवर चालणारं पातं असं फिरवायचं की सगळ्यात खालची बाही सगळ्यात वरच्या बाहीइतकीच निघाली पाहिजे. या कामात हात चुकला तर एकाचा शर्ट बिघडत नाही, अख्ख्या पाळीचे बिघडतात. त्यामुळे मास्तर कामावर फारसं बोलत नसत. ते अबोल आहेत असा विभागात सगळ्यांचा समज होता. तो निवृत्तीनंतर घरी मोडीत निघाला.

निवृत्त झाल्यावर पेन्शन सुरू झाली आणि मास्तरांचं तोंडही. पेन्शन वेळेवर यायची, दोघांचं व्यवस्थित भागायचं, डोक्यावर कर्ज नव्हतं. अडचण एकच होती: मास्तर दिवसभर घरात असायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले खण लावून दिले. दुसऱ्या महिन्यात ते पुन्हा लावले, कारण पहिल्या वेळी मोठे चमचे डावीकडे गेले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की बैठकीच्या खोलीतले पडदे एका बाजूला बोटभर लोंबतात.

"अहो, ते कधीपासून लोंबतायत," बायको म्हणाली. "खिडकीने तक्रार केली का तुमच्याकडे?"

"चूक ती चूकच."

"मग उतरवा. पण संध्याकाळच्या आत परत लावा. समोरच्यांना आपल्या घरातलं सगळं दिसतं."

पडदे लागले ते चौथ्या दिवशी. तोवर मास्तरांनी जिन्यात गाठून वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्यांची पँट मागून कुठे ओढली जाते ते समजावून सांगितलं होतं. गृहस्थ त्यानंतर लिफ्टने जाऊ लागले.

नाट्यगृहाच्या कपडेपटात कापणारा माणूस हवा आहे, ही बातमी बायकोनेच आणली. कुठून आणली ते तिने सांगितलं नाही. फक्त सकाळी चहाबरोबर पत्ता ठेवला आणि म्हणाली, "नुसतं बघून तर या."

कपडेपट तळघरात होता. लांबलचक लोखंडी दांड्यांवर राजांचे झगे, शिपायांचे कोट, दोन भुतं आणि एक अस्वल लटकत होतं. मधोमध मोठं टेबल, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, कोपऱ्यात वाफेची इस्त्री. मास्तरांनी टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवला, उंची कमरेशी जुळते का पाहिलं आणि घरी न विचारताच होकार देऊन टाकला. आठवड्याचे चार दिवस, पगारी काम, दर वर्षी नवा करार.

इथलं काम उलटं होतं. गणवेश विभागात माणसांचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीनच प्रकार असत. इथे प्रत्येक अंग वेगळं, आणि तेही प्रयोगागणिक बदलणारं. मुख्य नटाला सगळे 'राजे' म्हणत, कारण अर्ध्या नाटकांत तो राजाच असे. राजांचं पोट दौऱ्यावर वाढायचं आणि तालमींत उतरायचं. मास्तरांनी त्यांच्या प्रत्येक कोटाच्या शिवणीत भरपूर माया ठेवायला सुरुवात केली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की उसवून सोडता येतं.

"मास्तर, एवढी माया माझ्यावर कुणीच केली नाही," राजे म्हणायचे.

"तुमच्यावर नाही, तुमच्या पोटावर आहे," मास्तर मापं घेताघेता उत्तर द्यायचे.

घोळ झाला तो पहिल्याच आठवड्यात, आणि तो झाला हे वर्षभर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

राजे त्या वेळी एका बँकमालकाची भूमिका करणार होते आणि त्यांच्या अंगावर काळा सूट चढवून मास्तर टाचण्या लावत होते. टाचण्या ओठांत, दोन्ही हातांत कोटाची पाठ, शेजारी इस्त्री फुसफुसतेय. तेवढ्यात नाट्यगृहाच्या हिशेबनीस बाईंनी दारातून डोकं आत घातलं. नव्या माणसाचे कागद त्या भरत होत्या.

"मास्तर, सूट इथेच धरू ना?"

"धरा, धरा," मास्तर टाचण्यांमधून म्हणाले. "इथेच धरा."

"दुसरीकडे नाही ना?"

"दुसरीकडे कशाला? माणूस इथे उभा आहे."

नाटकवाल्यांत राहून बाईंना तिरप्या उत्तरांची सवय झाली होती. त्यांनी कागदावर खूण केली आणि निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, बाई मदतीला येतील आणि कोटाची दुसरी बाजू धरतील. त्या आल्या नाहीत, तेव्हा कचेरीतली माणसं अशीच, असं म्हणून त्यांनी ती बाजू गुडघ्याने दाबून धरली.

बाई विचारत होत्या ती सूट करातली. प्रत्येकाच्या वर्षाच्या कमाईतला पहिला ठरावीक भाग बिनकराचा असतो. पगार देणारा तेवढा भाग सोडून उरलेल्यावर कर कापतो. पण तो भाग माणसाला एकदाच मिळतो, आणि मास्तरांना तो आधीच मिळत होता: बस कंपनीचं पेन्शन खातं दर महिन्याला तो धरूनच कर कापत होतं. आता नाट्यगृहानेही धरला. पेन्शन खात्याला नाट्यगृहाचा पत्ता नव्हता, नाट्यगृहाला पेन्शनचा. मास्तरांना दोन्हींचा होता, पण त्यांना कुणी तसं विचारलंच नाही. निदान विचारलं असं त्यांना वाटलं नाही.

वर्ष मजेत गेलं. मास्तर सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी गोष्टी घेऊन परत यायचे: अस्वलाच्या आत घामाने बेशुद्ध पडलेला नट, राणीच्या झग्यात अडकलेला पंखा. बायकोला त्या ऐकायला आवडायच्या, कारण आता त्या दिवसाला एक-दोनच असायच्या. वर्षाच्या अखेरीला हिशेबनीस बाईंनी सांगितलं की नव्या नाटकात अख्खं गाव रंगमंचावर येणार आहे, कापायचं काम भरपूर आहे, तेव्हा शनिवारपर्यंत नव्या करारावर सही करून टाका. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल, तालमी थांबणार नाहीत.

मास्तर सही करायला निघाले होते त्याच सकाळी कर विभागाचा संदेश मोबाईलवर आला. मास्तरांचा चष्मा कपडेपटात राहिला होता, म्हणून बायकोने वाचला. तुमच्या एकूण उत्पन्नावर कापलेला कर अपुरा आहे, फरक व्याजासह भरावा. पुढे आकडा होता. बायकोने तो मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, मग खुर्चीत बसली.

"हा तर तुमचा तिथला दीड महिन्याचा पगार झाला."

"चुकून आला असेल."

"नाव तुमचं, जन्मतारीख तुमची. आकडा तेवढा चुकून आला का?"

त्यांच्या घरात कुणाचं काही देणं थकलेलं नव्हतं. विजेचं बिल यायचं त्याच दिवशी ती भरून टाकायची. आता सरकारच दारात उभं राहिल्यासारखं तिला झालं. तिने भावाला फोन केला.

तिचा धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याच्या भांडारात नोकरीला होता आणि घरात त्याला सगळे कायदेपंडित म्हणायचे. त्याला प्रत्येक नियम ठाऊक होता, बहुतेक अर्धा. तो आला, पायांतले बूट काढायच्या आधीच संदेश वाचला आणि मान हलवू लागला.

"दाजी, मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"हेच. पेन्शन खाणाऱ्याने नोकरी केली की सरकार पेन्शन काढून घेतं. ही सुरुवात आहे. आधी कर, मग हळूहळू सगळं."

"तू म्हणाला होतास, नाटकाचे पास मिळतील का बघा."

"ते वेगळं. आणि दुसरं सांगू? तुम्ही कराच्या वरच्या पायरीवर गेलात. वरच्या पायरीवर पाऊल पडलं की सगळ्या पैशांना वरचा दर. पहिल्या पैशापासून! म्हणजे चार दिवस राबायचं आणि घरी आणायचं ते आधीपेक्षा कमी. ताई, तू विचार. हे तळघरात टाचण्या चावणार आणि वर घरातून पैसे घालणार."

बायकोच्या कपाळाला आठ्या पडल्या. मास्तर टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवत बसले. कापड चुकलं की ते असेच बसायचे.

"मग करायचं काय?" तिने विचारलं.

"दोन रस्ते. एक, सोडून द्यायचं. दुसरा," कायदेपंडितांनी आवाज उतरवला, "नाट्यगृहाला सांगायचं, कागदावर नको, हातावर द्या. ना पगारपत्रक, ना कर."

"दुसरा रस्ता नाही," मास्तर लगेच म्हणाले.

"का? सगळे करतात."

"आमच्या विभागात एक होता तसा, हातावर घेणारा. पात्याखाली बोट गेलं. दवाखान्याच्या खर्चाची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणाली, असा माणूस आमच्याकडे नाहीच. बोटही त्याचं आणि बिलही त्याचं."

"तुमचं बोट कशाला जातंय?"

"त्याचंही कशाला जात होतं?"

कायदेपंडितांनी दुसरा रस्ता सोडून दिला. पण पहिला रस्ता मोकळाच होता, आणि बायकोने त्यावर बोट ठेवलं. "हे बघा, नक्की काय ते कळेपर्यंत सही करायची नाही. पेन्शन जाणार असेल तर मला तुमचं नाटक नको. तुम्ही घरात बसा. मी सोसेन."

शेवटचे दोन शब्द तिने फार हिंमतीने उच्चारले.

मास्तरांना त्या संध्याकाळी कळलं की आपल्याला ते टेबल किती हवंय. शनिवार पुढ्यात होता. त्यांनी बैठकीच्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, स्वयंपाकघरातला एक खण उघडला, बायकोकडे पाहिलं आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी दोघं कर कचेरीत गेली. बायको बरोबर निघाली, कारण मास्तर अर्धंच ऐकून परत येतील अशी तिला खात्री होती. खिडकीमागे एक तरुण अधिकारी बसला होता. त्याच्या कोटाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता आणि मास्तरांची नजर तिथून हलेना. बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

अधिकाऱ्याने पडद्यावर माहिती उघडली. "बरोबर आहे. तुम्ही दोन्हीकडे पूर्ण सूट घेतलीय."

"कुणी, यांनी?" बायको पुढे झाली. "साहेब, यांच्याकडे लग्नातला एकच सूट आहे. तोही आता पोटावर बसत नाही. लोकांचे शिवतात, स्वतःला एक घेत नाहीत."

अधिकाऱ्याने पडद्यावरून मान वर केली. "करातली सूट, आजी. कपड्यातला नाही."

"आजी कुणाला म्हणतोस?"

"बाई. करातली सूट, बाई. नाट्यगृहाने नोकरीच्या वेळी विचारलं असेल ना, की ती इथे धरायची का?"

मास्तर आता खांद्याकडे पाहत नव्हते. काळा कोट, ओठांतल्या टाचण्या, दारातलं डोकं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. "विचारलं होतं," ते सावकाश म्हणाले. "मी धरा म्हणालो."

"का म्हणालात?"

"मला वाटलं, कोट धरायला आल्या."

अधिकाऱ्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने शेजारच्या खिडकीवरच्या माणसाला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. मास्तरांनी सांगितलं. त्यांना हसू येत नव्हतं, पण दोन खिडक्या हसल्यावर बायकोही हसली आणि तिची पर्सवरची मूठ जरा सैल झाली.

"पण साहेब, पेन्शन?" तिने विचारलं. "ती थांबणार का?"

"काम करतात म्हणून? नाही. काही पेन्शनींना तशी अट असते, यांच्या पेन्शनला नाही. मी आत्ता पाहिलं. पेन्शन पूर्ण मिळणार, पगारही मिळणार. फक्त आमच्या लेखी दोन्ही उत्पन्नच. आम्ही ते एकावर एक ठेवतो."

"थर," मास्तर म्हणाले.

"हो, थरच म्हणा. सगळ्यात खालचा थर बिनकराचा. त्याच्या वरच्यावर कमी दर. त्याच्याही वर गेलं तर जास्त. बस कंपनीने तुमची पेन्शन बघून खालचा थर सोडला. नाट्यगृहाने तुमचा पगार बघून सोडला. पण माणूस एक, तेव्हा खालचा थरही एकच. पगार पेन्शनच्या वर येऊन बसतो, म्हणून त्यावर पहिल्या पैशापासून कर कापला जायला हवा होता. तो कापला गेला नाही. तेवढाच फरक मागितलाय."

"आणि वरच्या थरात गेलं की खालच्यालाही वरचा दर?" हे बायकोने भावाच्या शब्दांत विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"आमच्या घरात एक आहेत."

"जेवढं वर गेलं तेवढ्यालाच वरचा दर. खालच्या थराला कुणी हात लावत नाही. यांचं तर अजून कमी दरातच बसतंय. शंभर मिळवले तर ऐंशी घरी येतात. जास्त काम केलं म्हणून घरी कमी आलं, असं इथे होत नाही."

"व्याज कशाला मग?" मास्तरांनी विचारलं. "मी लपवलं काय?"

"लपवलं असतं तर दंड लागला असता, आणि मी हसलो नसतो. हे उशिराचं व्याज आहे. फार नाही. रक्कम एकदम जड जात असेल तर हप्ते पाडून देतो. आणि पुढच्या वर्षी नाट्यगृहाला सांगा, सूट तिकडे नको. पेन्शन कधी वाढली तर दर महिन्याला थोडं जादाच कापून घ्या. जास्त गेलं तर वर्षअखेर परत मिळतं."

"म्हणजे शिवणीत माया ठेवायची."

"काय?"

"आमच्यात म्हणतात. जादा कापड आत दुमडून ठेवायचं. लागलं तर सोडायचं."

"तेच," अधिकारी म्हणाला आणि तीन हप्ते पाडून दिले. उठताना मास्तरांना राहवलं नाही. "साहेब, तो डावा खांदा. कोट चांगला आहे, कापणाऱ्याचा हात तिरका गेलाय. आतून एक टाका घेतला तरी—"

"चला," बायको म्हणाली.

बसची वाट पाहत दोघं बाकावर बसली. तिच्या जिवात जीव आला होता, पण हिशेब अजून डोक्यात चालू होता.

"ऐंशीत परवडतं का तुम्हाला?"

"मी काय पैशांसाठी जातो?"

"मोठं बोलू नका. चाळीसच हातात आले असते तर गेला असतात?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गेलो असतो. पण दोनच दिवस."

"दोन दिवस मला पुरले नसते," ती म्हणाली. बस आली. चढताना तिने मागे वळून सांगितलं, "शनिवारची वाट बघू नका. उद्याच सही करा."

दुसऱ्या दिवशी मास्तर आधी तळघरात गेले नाहीत, सरळ हिशेबनीस बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. बाईंनी आधी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं होतं, मास्तर."

"मी दोनदा उत्तर दिलं होतं."

"माणूस इथे उभा आहे म्हणालात! मला वाटलं, तुम्ही स्वतःबद्दलच बोलताय."

"राजांबद्दल बोलत होतो."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की तालमीतून राजे बाहेर आले, आणि त्यांना सांगितल्यावर ते बाईंपेक्षा मोठ्याने हसले. मग बाईंनी नवा कागद काढला, लेखणी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता अख्खं वाक्य बोला. मी तोवर लिहिणार नाही."

"करातली सूट मला पेन्शनमध्ये मिळते. इथे धरू नका. पहिल्या पैशापासून कापा."

"ओठांत टाचणी नाही ना?"

मास्तरांनी तोंड उघडून दाखवलं. बाईंनी लिहिलं आणि हातात किती येईल तो आकडा पुढे सरकवला. गेल्या वर्षीपेक्षा कमी होता. मास्तरांनी तो नीट वाचला, कापडावरची आखणी वाचावी तसा, आणि करार जवळ ओढला. सही करायच्या आधी बाईंनी हात आडवा धरला. "एक विचारायचं राहिलं. गाव मोठं आहे, काम चार दिवसांत उरकणार नाही. पाचवा दिवस याल का? घरी विचारून सांगा."

मास्तरांनी तिथूनच फोन लावला. पाचवा दिवस एवढे शब्द झाले आणि पलीकडून "हो" आलं. बाकीचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही.

रविवारी कायदेपंडित जेवायला आले. पेन्शन शाबूत आहे, हप्ते ठरलेत, सही झालीय, हे त्यांनी ऐकून घेतलं. स्वतः सांगितलेल्या नियमांचा त्यांनी उल्लेख केला नाही. मात्र पाचवा दिवस कळल्यावर त्यांनी सूपचा चमचा खाली ठेवला.

"पण दाजी, विचार करा. पाचव्या दिवसाचे पैसे सगळे वरच्या थरातच येणार. शंभरातले ऐंशीच हातात. वीस गेलेच."

"ते त्यांचं झालं," बायको त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली. "पाचव्या दिवशीही घर मोकळं असतं, ते मला पुरे शंभर मिळतं. त्यात कपात नाही."

मास्तरांनी मान खाली घालून जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि टेबलावर गावातल्या पहिल्या बारा माणसांचं कापड अंथरायचं होतं. प्रत्येकाचं माप वेगळं, म्हणून एका वेळी एकच थर.